कॅनडासारखे केंद्र-राज्य निधी करार बेळगावच्या मराठी शाळांना वाचवू शकतील का?

प्रश्न थोडक्यात असा : कॅनडात केंद्र सरकार प्रांतांशी करार करतं आणि पैसे देऊन अल्पसंख्य भाषकांच्या शाळांना हातभार लावतं, असं ऐकलंय. त्याचा खरंच उपयोग होतो का? आणि बेळगाव-निपाणीकडच्या मराठी शाळांसाठी दिल्लीला असं काही करता येईल का?

मी कॅनडाच्या राजधानीत, ऑटावात राहते. मुलगी इथल्या इंग्रजी शाळेत फ्रेंच इमर्शनला आहे, म्हणजे फ्रेंच घरची भाषा नसलेल्या मुलांना बरेच विषय फ्रेंचमधून शिकवतात त्या वर्गात, त्यामुळे त्या करारांतल्या पैशाचे चार थेंब आमच्या घरावरही पडलेत. उपयोग होतो की नाही, तर होतो. पण त्या पैशामागे कोर्टात मागता येणारा हक्क असेल तिथेच तो धड होतो. नुसत्या कराराच्या भरवशावर राहिलेल्यांचे हाल झालेले आहेत.

इथे शिक्षण हा 1867 पासून प्रांतांचा विषय. त्या अधिकाराचं प्रांतांनी काय केलं? ऑन्टारिओने 1912 मध्ये ‘नियम 17’ काढून फ्रेंच माध्यम पहिल्या दोन इयत्तांपुरतं आखडलं. मॅनिटोबाने 1916 मध्ये फ्रेंच शिक्षणाचा रस्ताच बंद केला. 1969 मध्ये राजभाषा कायदा आला आणि इंग्रजी-फ्रेंच केंद्राच्या पातळीवर बरोबरीच्या झाल्या, तरी शाळा प्रांतांकडेच राहिल्या. ऑटावाच्या हातात उरली ती तिजोरी. मग 1970 पासून प्रांतांना पैसे द्यायला सुरुवात झाली : अल्पसंख्य भाषेच्या शाळा चालवताना जो जादा खर्च येतो त्याला आमचा हातभार, बाकी तुम्ही घाला. 1983 पासून त्याला रीतसर चौकट आली. आधी केंद्राचं वारसा खातं आणि सगळ्या प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांची परिषद मिळून एक मसुदा ठरवतात, मग प्रत्येक प्रांताशी वेगळा करार होतो, सोबत त्या प्रांताचा कृती आराखडा.

या करारात दोन कप्पे असतात आणि खरी गोम तिथेच आहे. एक कप्पा अल्पसंख्यांच्या स्वतःच्या शाळांचा, म्हणजे क्युबेक या फ्रेंचबहुल प्रांताबाहेर फ्रेंच माध्यम आणि क्युबेकमध्ये इंग्रजी माध्यम. दुसरा कप्पा दुसरी भाषा शिकणाऱ्यांचा, म्हणजे माझ्या मुलीसारख्यांचा. (आपले बरेच मराठी पालक इमर्शनलाच ‘फ्रेंच शाळा’ म्हणतात. ती इंग्रजी शाळामंडळाचीच, म्हणजे इंग्रजी शाळांचा कारभार पाहणाऱ्या स्थानिक मंडळाचीच शाळा असते. फ्रेंच शाळामंडळं निराळी, ऑन्टारिओत अशी बारा आहेत.) इमर्शनचे पालक संख्येने भरपूर, बहुतेक इंग्रजी बोलणारे, आणि आमदाराला फोन करायला न कचरणारे. फ्रेंच पालक मूठभर. दोन्ही कप्प्यांची किल्ली प्रांताच्याच शिक्षण खात्याकडे असली की ओढ कुठल्या बाजूला असणार?

युकॉनमध्ये यावरून मोठं प्रकरण झालं. अगदी उत्तरेकडचा हा प्रदेश, राजधानी व्हाईटहॉर्स, आणि फ्रेंच शाळामंडळ एकच, तेही तेव्हा एकाच शाळेचं. केंद्राकडून फ्रेंच शाळेसाठी आलेले सुमारे 19 लाख डॉलर प्रदेश सरकारने इमर्शनकडे वळवले, असा त्या मंडळाचा दावा होता. 2011 मध्ये खालच्या कोर्टाने तो मान्य केला. पुढे तो निकाल टिकला नाही, कारण न्यायाधीशांच्या निःपक्षपातीपणाबद्दलच वाजवी शंका येते असं अपिलात ठरलं आणि 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही फेरसुनावणीचा आदेश कायम ठेवला. त्यामुळे पैसे चुकीने वळवले हे कायद्याच्या भाषेत सिद्ध झालेलं नाही. पण भांडण कशाचं होतं ते बघा. पैसा आला होता, खर्चही झाला होता, आणि तोही ‘फ्रेंच’वरच! कागदावर सगळं गोड दिसतं. झारीतले शुक्राचार्य कप्प्यांच्या मधल्या भिंतीत बसलेले असतात. नंतर व्हाईटहॉर्समध्ये फ्रेंच माध्यमिक शाळेसाठी वेगळी इमारत झाली, केंद्र आणि प्रदेश दोघांच्या पैशातून. ते छोटं शाळामंडळ सरकारला कोर्टात खेचायला तयार होतं, म्हणून त्या मागणीला वजन आलं, असं माझं मत.

तो कोर्टात जाण्याचा हक्क येतो 1982 च्या हक्कांच्या सनदेतल्या कलम 23 मधून. फ्रेंच ज्यांची मातृभाषा आहे किंवा ज्यांचं प्राथमिक शिक्षण कॅनडात फ्रेंचमध्ये झालंय, अशा पालकांना मुलांसाठी सरकारी खर्चाने फ्रेंच शाळा मागता येते. मुख्य अट अशी की मुलांची संख्या पुरेशी हवी. 1990 मध्ये एडमंटनच्या पालकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याचा अर्थ पुढे नेला : शाळा पुरेशी नाही, शाळेच्या कारभारातही अल्पसंख्यांचा अधिकार हवा. प्रांतोप्रांती फ्रेंच शाळामंडळं उभी राहिली ती या निकालाच्या जोरावर. केंद्राच्या पैशाने मंडळं उभारण्याचा खर्च सोपा केला, हेही खरंच.

हक्काची अशी ढाल नसेल तर काय होतं? 2008 च्या करारानुसार केंद्राने बेरोजगारांना नोकरी शोधायला मदत करणाऱ्या सेवा ब्रिटिश कोलंबियाकडे सोपवल्या. पैसा केंद्राचा, कारभार प्रांताचा. भाषेबद्दल एक कलम होतं, पण मोघम : जिथे लक्षणीय मागणी असेल तिथे दोन्ही भाषांत सेवा मिळेल. मागणी ‘लक्षणीय’ आहे की नाही हे कोण ठरवणार, कसं मोजणार, याबद्दल करारात नीट काही नव्हतं. 2012 मध्ये प्रांताने सगळ्या सेवा एकत्र करून नवी केंद्रं उघडली. तोवर हे काम फ्रेंचमधून करणाऱ्या संस्थांचा निधी त्यात गेला. कुणी म्हटलं नाही की फ्रेंच बंद करा. फेररचना झाली, एवढंच. तिथली फ्रेंच भाषकांची संघटना कोर्टात गेली, 2018 मध्ये हरली, आणि 2022 च्या जानेवारीत केंद्रीय अपील न्यायालयात जिंकली. कोर्टाचं म्हणणं असं की काम प्रांताला दिलं म्हणून अल्पसंख्य भाषकांबद्दलचं केंद्राचं कर्तव्य सुटत नाही. निकाल चांगलाच आहे. पण मधली दहा वर्षं गेली त्यांचं काय?

त्यानंतर 2023 मध्ये राजभाषा कायदा सुधारला. प्रांतांबरोबरच्या प्रत्येक निधी करारात भाषेचं कलम सक्तीचं करा, ही फ्रेंच संघटनांची मागणी होती. कायद्यात आलं ते एवढंच की करार करताना केंद्राने अशी कलमं घालण्यासाठी प्रयत्न करावेत. सक्तीला प्रांत सहजी तयार होत नाहीत. क्युबेक तर नाहीच. तिथली इंग्रजी शाळामंडळं आपल्याकडच्या चर्चेत कुणी धरत नाही, पण अल्पसंख्य म्हणून तीही याच योजनेत येतात. आणि क्युबेकच्या कायद्यानुसार प्रांताच्या परवानगीशिवाय त्यांना ऑटावाशी परस्पर करारही करता येत नाही.

करार चांगला चालल्याचं एक उदाहरण मात्र मी इथे राहून पाहिलं. नोव्हेंबर 2018 मध्ये ऑन्टारिओ सरकारने नियोजित फ्रेंच विद्यापीठाचा निधी एका फटक्यात काढून घेतला. 1 डिसेंबरला प्रांतभर मोर्चे निघाले. फ्रेंच-ऑन्टारिओचे हिरवे-पांढरे झेंडे इतके एकत्र मी तोवर पाहिले नव्हते. पुढच्या वर्षी तडजोड झाली : आठ वर्षांत 12 कोटी 60 लाख डॉलर, निम्मे केंद्राचे, निम्मे प्रांताचे, आणि केंद्राचा वाटा आधी. तिजोरीत खडखडाट आहे म्हणणाऱ्या प्रांताला सुरुवातीची वर्षं खिशात हातच घालायचा नव्हता, मग नाही कशाला म्हणेल? 2021 मध्ये टोरंटोत ते विद्यापीठ सुरू झालं.

आता बेळगाव. आपल्याकडे घटनेत 350 अ कलम आहे, 1956 च्या सातव्या दुरुस्तीने आलेलं. भाषिक अल्पसंख्यांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं म्हणून राज्यांनी प्रयत्न करावा आणि राष्ट्रपती त्यासाठी राज्यांना निर्देश देऊ शकतील, असं ते सांगतं. पण ‘प्रयत्न करावा’वर कोर्टात किती भांडणार? आणि कलमाला पैसा जोडलेला नाही. 350 ब प्रमाणे भाषिक अल्पसंख्याक आयुक्त आहेत. त्यांचा अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेपुढे जातो, राज्यांना पाठवला जातो, आणि गोष्ट बहुधा तिथेच थांबते.

गंमत अशी की या बाबतीत दिल्लीचा हात ऑटावापेक्षा मोकळा आहे. 1976 पासून शिक्षण समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या अखत्यारीत आहे, आणि शालेय शिक्षणासाठीच्या केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेतून बहुतेक राज्यांना 60:40 प्रमाणात पैसा जातोच. म्हणजे पाट तयार आहे. त्यातून अल्पसंख्य माध्यमाच्या शाळांसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकात खर्चाचं वेगळं खातं निघालं पाहिजे, ज्यातला रुपया दुसरीकडे वळवता येणार नाही.

महाराष्ट्राने परस्पर पैसा पाठवून हे होत नाही. 2023 मध्ये सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू केली, तेव्हा कर्नाटकाने लगेच हरकत घेतली. उलट बाजूने विचार करून बघा : कर्नाटकाने सोलापूर-अक्कलकोटच्या कन्नड शाळांना परस्पर पैसे द्यायला घेतले तर मुंबईत काय प्रतिक्रिया उमटेल? म्हणून करारात दिल्ली हवी, आणि दोन्ही बाजूच्या शाळा एकाच मसुद्यात हव्यात. अक्कलकोटच्या कन्नड शाळेला जे मिळेल तेच खानापूरच्या मराठी शाळेला. बेंगळुरूला सही करायला कारण मिळेल ते एवढ्यानेच.

तुम्ही सीमाभागात काम करत असाल तर निवेदनात ‘निधी द्या’ एवढंच लिहू नका. लेखाशीर्ष वेगळं मागा. शाळानिहाय खर्च दर वर्षी मराठीत जाहीर व्हावा असं मागा. शाळा विलीन करण्याआधी किंवा माध्यम बदलण्याआधी पालकांना लेखी नोटीस आणि सुनावणी मिळावी, आणि हे मोडलं तर पालकांना थेट उच्च न्यायालयात जाता येईल, असं कलम मागा. हे शेवटचं कलम कुठलंच सरकार आनंदाने देणार नाही, म्हणून मसुद्यात ते पहिलं लिहा.