ओल्या फळीवर धावू नकोस

फिनलंडमधल्या कारहुनकिएरोस या लांब पायवाटेचे 82 किलोमीटर सध्या डोक्यातून काढ. आधी युमा गावाहून सुटणारा 12 किलोमीटरचा छोटा फेरा कर, पिएनी कारहुनकिएरोस. झुलते पूल, म्युल्लीकोस्कीची जुनी पाणचक्की, युरावा धबधबा आणि मांड्या भरून येतील इतक्या लाकडी पायऱ्या, सगळं त्यात आलं. फार देखणी वाट आहे.

दलदलीवर फळ्या टाकलेल्या असतात. पावसानंतर त्या शेवाळलेल्या घाटाच्या पायरीसारख्या होतात. पहिल्याच वर्षी माझा घोटा तिथे मुरगळला आणि उरलेली वाट लंगडत काढावी लागली. म्हणून ओल्या फळीवर चालायचं, तळवा सपाट टेकवून. पाइन-स्प्रूसच्या मुळांचंही तेच: पाय दोन मुळांच्या मधे टाक. सह्याद्रीतल्या कोरड्या कातळासारखी पकड इथे मिळत नाही.

जूनमध्ये रात्रीही उजेड असतो, त्यामुळे घाई करू नकोस. मात्र थांबलास की डास तुटून पडतात. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल. वाटेत रेनडिअर दिसले तर थांबून त्यांना जाऊ दे. आणि निघण्यापूर्वी फोनवर ‘112 सुओमी’ अ‍ॅप घे. त्यातून 112 हा आपत्कालीन नंबर लावला की तुझं ठिकाण आपोआप कळतं.