लग्नाला ४१ दिवस, गर्भ ५३ दिवसांचा

नवऱ्याने खुर्चीवर बसायच्या आधीच सोनोग्राफीचा रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. ‘७ आठवडे ४ दिवस’. मग मोबाइलमध्ये लग्नपत्रिकेचा फोटो उघडला. लग्न २४ नोव्हेंबरला झालेलं, सोनोग्राफी ४ जानेवारीची. “मॅडम, लग्नाला सहा आठवडेसुद्धा झाले नाहीत. मग हे साडेसात आठवड्यांचं कसं?” बायको शेजारच्या खुर्चीत ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. आठ दिवसांपासून दोघांत बोलणं बंद होतं.

तो २७ वर्षांचा, डिप्लोमा करून कारखान्यात सुपरवायझर. ती २३ वर्षांची, बी.कॉम. झालेली. (ओळख पटू नये म्हणून तारखा थोड्या हलवल्या आहेत, त्यांच्यातली अंतरं तीच आहेत.) दोघेही शिकलेले, दोघांकडे स्मार्टफोन, पण गर्भाचे आठवडे कुठल्या दिवसापासून मोजतात हे दोघांनाही माहीत नव्हतं. नवीन लग्न झालेल्या जोडप्यांत हा प्रश्न इतक्या वेळा येतो की खरं तर लग्नाआधीच कुणीतरी तो सोडवून द्यायला हवा. पुष्कळ जण तो विचारतही नाहीत, मनात ठेवतात. मनात राहिलेल्या या दोन आठवड्यांच्या फरकाने संसार नासलेले आहेत.

अशा वेळी कॅलेंडर लगेच उघडायचं नसतं. आधी बायकोशी एकटीशी बोलायचं, निदान वीस मिनिटं. घरात मारहाण झाली का, माहेरी पाठवून देण्याची धमकी आहे का, गर्भ पाडायचा दबाव आहे का आणि तिला स्वतःला हे मूल हवं आहे का, एवढं तरी विचारलंच पाहिजे. इथे मारहाण नव्हती. मात्र सासूबाई दोनदा म्हणाल्या होत्या, “घाई कशाला, पुढच्या वेळी बघू.” कायद्याने सज्ञान स्त्रीच्या गर्भपाताला तिची स्वतःची संमती लागते. नवऱ्याची सही लागत नाही, आणि तिची इच्छा नसताना तो कुणीच करवून घेऊ शकत नाही, हे तिला स्पष्ट सांगितलं. घरी भीती वाटली तर १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांकही लिहून दिला.

मग तिला शेवटच्या पाळीची तारीख विचारली. “बहुतेक नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात,” ती म्हणाली. तिने आईला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर नवं कॅलेंडर होतं, पण जुनं अजून त्याच खिळ्याला मागे लटकत होतं. पानं उलटल्याचा आवाज आला. “बारा तारखेला पेन्सिलीचं बारीक टिंब आहे गं. आणि त्याच्या आधीचं ऑक्टोबरात पंधराला.” म्हणजे पाळी २८ दिवसांची, नियमित.

नवऱ्याला आत बोलावलं आणि कोऱ्या कागदावर एक आडवी रेघ मारली.

१२ नोव्हेंबरला पाळीचा पहिला दिवस. डॉक्टरांचं मोजणं इथून सुरू होतं. या दिवशी गर्भ नसतोच, बीज अजून अंडाशयातून बाहेरही पडलेलं नसतं. पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी बीज सुटतं, म्हणजे तिच्या बाबतीत २५-२६ नोव्हेंबरच्या सुमारास. सुटलेलं बीज १२ ते २४ तास टिकतं. पुरुषाचे शुक्राणू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून दिवस राहण्याची शक्यता महिन्यात साधारण सहा दिवसच असते, बीज सुटण्याआधीचे पाच आणि तो एक. रेघेवर २४ नोव्हेंबरची खूण केली तेव्हा ती बरोबर या सहा दिवसांत पडली.

हा योगायोग वाटतो, पण फारसा नाही. आपल्याकडे मुहूर्त काढताना मुलीच्या पाळीची तारीख विचारून घेतात. पाळी हळदीत नको, लग्नात नको, सत्यनारायणाच्या पूजेत नको. पाळी संपून चार-सहा दिवसांची सवड ठेवून तारीख धरली, की लग्न आपोआप दहाव्या ते सोळाव्या दिवसाच्या आसपास येतं, म्हणजे नेमकं दिवस राहण्याच्या काळात. घरच्यांनी स्वतःच नेमलेल्या तारखेने सून पहिल्याच महिन्यात गरोदर राहिली, तर तिच्याकडे संशयाने बघण्याचं काही कारण उरत नाही.

पुढचा हिशेब त्यालाच करायला लावला. १२ नोव्हेंबर ते ४ जानेवारी ५३ दिवस, म्हणजे ७ आठवडे ४ दिवस. रिपोर्टवरचाच आकडा. २६ नोव्हेंबर ते ४ जानेवारी ३९ दिवस, म्हणजे साडेपाच आठवडे. हे गर्भाचं खरं वय. लग्नापासून ४१ दिवस. तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “पण मग रिपोर्टवर साडेपाचच का लिहीत नाहीत?”

चांगला प्रश्न आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं. बीज कधी सुटलं हे बाहेरून दिसत नाही, पाळी कधी आली हे बाईला सांगता येतं. म्हणून सगळीकडे शेवटच्या पाळीचा पहिला दिवस धरतात, म्हणजे औषधं, तपासण्या, बाळाची वाढ यांचं माप एकच राहतं. टेस्ट ट्यूब बेबीत तर फलनाचा दिवस प्रयोगशाळेलाच ठाऊक असतो, तरी तिथेही १४ दिवस मिळवूनच आठवडे सांगतात. सोनोग्राफी सेंटरवर जो एफ फॉर्म भरून घेतात त्यातही शेवटच्या पाळीची तारीख असते. मशीन गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजतं (इथे ती १३ मिलिमीटर होती) आणि तिच्यावरून पाळीच्या हिशेबातले आठवडे छापतं. त्या आकड्याचा अर्थ कुणी समजावून सांगत नाही, सगळा घोळ इथेच होतो.

प्रसूतीची अंदाजे तारीखही याच दिवसावरून निघते. नऊ महिने पुढे जायचं आणि सात दिवस मिळवायचे. १२ नोव्हेंबरवरून १९ ऑगस्ट, एकूण २८० दिवस. ‘नऊ महिने नऊ दिवस’ हे आपण लहानपणापासून ऐकतो. शेवटच्या पाळीपासून मोजलं तर त्यात आणि डॉक्टरांच्या सूत्रात फक्त दोन दिवसांचा फरक आहे. मात्र नेमक्या त्याच तारखेला फार थोडी बाळं येतात. ३७ आठवडे पूर्ण झाल्यापासून ४१ पर्यंत केव्हाही आलं तरी काळजीचं कारण नसतं.

हे गणित सगळ्यांचं इतकं सरळ जुळत नाही, आणि तेही सांगून ठेवायला हवं. पाळी ४० दिवसांची असेल तर बीज २६व्या दिवसाच्या आसपास सुटतं. मग पाळीच्या हिशेबाने आठ आठवडे आणि सोनोग्राफीत सहा-सव्वासहा, असं दिसतं. घरचे घाबरतात की बाळ वाढत नाही. प्रत्यक्षात ते उशिरा राहिलेलं असतं. बहुतेक वेळा आठ-दहा दिवसांनी पुन्हा तपासल्यावर उलगडा होतो. उलटंही घडतं. दिवस राहिल्यावर पाळीच्या सुमारास थोडं डाग पडल्यासारखं होतं, बाई तीच पाळी धरते, आणि सोनोग्राफी जवळपास चार आठवडे जास्त दाखवते. पहिल्या तीन महिन्यांत दोन हिशेबांत आठवड्याहून जास्त फरक असेल तर सोनोग्राफीची तारीख धरतात. म्हणून पहिला रिपोर्ट जपून ठेवायचा. आठव्या-नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत दोन-तीन आठवड्यांची चूक होऊ शकते, तिच्यावरून तारीख बदलायची नसते.

आणखी एक गोष्ट त्याला सांगणं भाग होतं. हिशेब जुळला म्हणून बायको ‘सुटली’, असं नाही. तिच्यावर खटला नव्हताच. एखाद्या आठवड्याने आकडा हलला असता तरी तो संशयाचा पुरावा झाला नसता. आठ दिवस तिने उलट्या सहन करत, न बोलता काढले, त्याबद्दल तिच्याशी बोलायचं काम त्याचं होतं. ते त्याने तिथेच केलं. आधी अडखळत, मग नीट.

तोवर एक नुकसान होऊन गेलं होतं. वादामुळे तिने फोलिक अ‍ॅसिडची गोळी सुरूच केली नव्हती. “आधी नाव नोंदवू, मग गोळ्या,” असं दोघांनी ठरवलं होतं. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी फलनानंतर २८ दिवसांत बंद होते, म्हणजे पाळीच्या हिशेबाने सहा आठवडे पूर्ण होईपर्यंत. बऱ्याच जणींना तेव्हा नुकतीच बातमी कळलेली असते. म्हणून ४०० मायक्रोग्रॅमची ही गोळी मूल हवं असं ठरल्यापासून, निदान एक महिना आधी, सुरू करायची असते. आता घाबरून उपयोग नव्हता. त्याच दिवशी सुरू करायची, बारा आठवडे पूर्ण होईपर्यंत घ्यायची आणि १८ ते २० आठवड्यांची व्यंग तपासणारी सोनोग्राफी चुकवायची नाही, एवढं पक्कं केलं. चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी (६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड) रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा तेवढीच. कॅल्शियमची गोळी दिवसातून दोनदा, पण लोहाच्या गोळीबरोबर नको. दोन्ही एकदम घेतल्या तर लोह नीट शोषलं जात नाही. लोहाची गोळी चहाबरोबरही नको, लिंबूपाण्याबरोबर चालेल. शौचाला काळं होतं, त्याला घाबरून गोळी बंद करणाऱ्या बायका पुष्कळ असतात. ते होणारच.

बाकीचे प्रश्न ते मोबाइलमध्ये लिहून आले होते. पिकलेली पपई चालते, कच्ची टाळावी. रक्तस्राव नसेल आणि डॉक्टरांनी मना केलं नसेल तर संबंध ठेवायला हरकत नाही. दोन जिवांचं म्हणून दुप्पट जेवायचं नसतं. चौथ्या महिन्यापासून रोज सुमारे ३५० कॅलरी जास्त लागतात, म्हणजे एक भाकरी, वाटीभर घट्ट वरण आणि कपभर दूध. रक्त गेलं, पोटात एका बाजूला जोरात दुखलं, डोकं सतत दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा चेहरा सुजला, तर वाट न बघता दवाखाना. गाडी नसेल तर १०८.

त्यांचा पुढचा फोन १३ ऑगस्टला आला. १० ऑगस्टला, तारखेच्या नऊ दिवस आधी, मुलगी झाली होती. पहिलं बाळंतपण म्हणून ती माहेरी होती. फोन त्याचाच होता, आणि पुन्हा आकड्याचाच. “जन्मली तेव्हा २,८०० ग्रॅम होती, आज २,६१० भरली. आजी म्हणतात दूधच नाही, पावडर आणा, नाहीतर मध चाटवा.”

पहिल्या तीन-चार दिवसांत बाळाचं वजन सात टक्क्यांपर्यंत, कधी दहापर्यंत घटतं. हिचं पावणेसात टक्के घटलं होतं. दहा ते चौदा दिवसांत ते भरून निघतं. पहिले दोन-तीन दिवस जो पिवळसर, घट्ट चीक येतो, तो चमचा-चमचाच असतो आणि बाळाचं पोटही तेवढंच लहान असतं. दूध भरून यायला तिसरा-चौथा दिवस उजाडतो. या मधल्या दिवसांतच घरात पावडरचा डबा येतो. बाळ बाटलीने पोट भरून झोपतं, छातीला कमी ओढतं, जेवढं कमी ओढलं जातं तेवढं दूध कमी तयार होतं, आणि चार दिवसांनी ‘दूधच नाही’ हे खरं ठरतं. मध तर एक वर्षापर्यंत बोटभरही नको. त्यातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम होऊ शकतो. त्यात अंग लुळं पडतं, श्वासही थांबू शकतो.

आजींना खोटं पाडायचं नव्हतं. त्यांना एक काम दिलं. बाळ छातीला लावताना त्यांनी बघायचं, तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडलं का, हनुवटी स्तनाला टेकली का, खालचा ओठ बाहेर वळला का, आणि काळा भाग वर जास्त, खाली कमी दिसतो का. फक्त बोंडी तोंडात असेल तर आईला चिरा पडतात आणि बाळाला दूध मिळत नाही. अशा वेळी ओढून काढायचं नाही, तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी घालून सोडवायचं आणि पुन्हा लावायचं. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा. झोपलं असेल तरी तीन तासांच्या वर न पाजता ठेवायचं नाही.

दूध पुरतं की नाही हे रडण्यावरून ठरत नाही, लंगोटांवरून ठरतं. पहिल्या दिवशी निदान एक ओला, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा जास्त. शी आधी काळी, मग हिरवट, चौथ्या-पाचव्या दिवशी पिवळी. पहिल्या दोन-तीन दिवसांत लंगोटाला विटकरी डाग दिसला तर घाबरायचं नाही, पाचव्या दिवसानंतरही दिसला तर दाखवायचं. बाळ पीत नसेल, अंग गरम किंवा थंडगार लागत असेल, श्वास मिनिटाला साठच्या वर असेल, तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील, तर त्याच तासाला दवाखाना.

तिसऱ्या दिवसाचे ओले लंगोट किती, असं विचारल्यावर पलीकडे शांतता. कुणी मोजलेच नव्हते. मग मागून तिचाच आवाज आला, “सकाळपासून चार.”

२२ ऑगस्टला त्याने एक फोटो पाठवला. त्याच स्वयंपाकघरातली भिंत, तोच खिळा, ऑगस्टचं पान. १३ तारखेपासून प्रत्येक चौकोनात पेन्सिलीच्या उभ्या रेघा होत्या, पाच, सहा, सात, सात, आठ. २२च्या चौकोनात रेघांच्या शेजारी आजींच्या थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, २,८६०.