पशुवैद्यकाची पदवी अर्धी सोडू नकोस

प्रश्न : मी पशुवैद्यकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षात शिकते. नोरोव्हायरसवरील एक व्याख्यान ऐकल्यापासून याच विषाणूवर संशोधन करावे असे मनात आहे. परंतु हा प्रामुख्याने माणसांचा आजार असल्याने ही पदवी सोडून सूक्ष्मजीवशास्त्राला नव्याने प्रवेश घ्यावा का, हे ठरवता येत नाही. दोन-तीन दिवसांत बऱ्या होणाऱ्या उलटी-जुलाबांसाठी आयुष्य वेचण्यात अर्थ नाही, असे वडिलांचे म्हणणे आहे. मी काय करावे?

उत्तर : पदवी सोडू नकोस. जे शिक्षण तुला अडचणीचे वाटते आहे, त्याचीच या क्षेत्राला गरज आहे, आणि हे मी तुला धीर देण्यासाठी म्हणत नाही.

आधी वडिलांची शंका. धडधाकट प्रौढ व्यक्ती एक ते तीन दिवसांत बरी होते, हे त्यांचे म्हणणे खरेच आहे. मात्र जगभरात दरवर्षी सुमारे 68.5 कोटी लोकांना हा संसर्ग होतो आणि त्यात अंदाजे दोन लाख जण दगावतात, ज्यांत सुमारे 50 हजार लहान मुले असतात. प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णांच्या शरीरात तर हा विषाणू महिनोन् महिने ठाण मांडून बसतो. त्यावर नेमके औषध नाही आणि वापरास मान्यता मिळालेली लसही नाही. वडिलांना हे आकडे अवश्य सांग; त्यांची काळजी रास्त आहे, पण आजाराचे मोजमाप एका रुग्णावरून करता येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या नॉरवॉक गावी 1968 साली एका शाळेत उलट्यांची साथ आली होती. तेथील नमुन्यांत 1972 साली विषाणूशास्त्रज्ञ अल्बर्ट कपिकियन यांनी हा विषाणू प्रथम पाहिला. विष्ठेच्या गाळलेल्या द्रावात त्यांनी बऱ्या झालेल्या रुग्णाचा रक्तद्रव मिसळला. त्यातील प्रतिपिंडांमुळे (अँटीबॉडीजमुळे) एरवी विखुरलेले कण एकत्र गोळा झाले आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सुमारे 27 नॅनोमीटरच्या कणांचे पुंजके दिसले. विषाणू दिसला खरा, पण प्रयोगशाळेत तो काही केल्या वाढेना. मानवी आतड्याच्या मूळपेशींपासून वाढवलेल्या लघुआतड्यांमध्ये, म्हणजे आतड्याची इवली प्रतिकृती असलेल्या पेशीसमूहांमध्ये, त्याची वाढ करून दाखवण्यासाठी 2016 साल उजाडावे लागले. तेव्हाही यश आले ते संवर्धनद्रावात पित्त मिसळल्यावर, कारण विषाणूच्या काही प्रकारांना ते लागतेच. संशोधकांनी तोवर पेशींना काय काय दिले असेल! आतड्यात पित्त उतरते, ही शरीरक्रियाशास्त्राच्या पहिल्या वर्षात शिकवली जाणारी गोष्ट इथे निर्णायक ठरली.

मधल्या चार दशकांत संशोधनाचा गाडा मोठ्या प्रमाणात प्राण्यांनीच ओढला. उंदरांमधला नोरोव्हायरस 2003 साली सापडला. तो प्रयोगशाळेत सहज वाढतो, म्हणून या कुळाच्या जीवनचक्राविषयीचे बरेचसे ज्ञान त्याच्याकडून मिळाले. तरी तो माणसाच्या विषाणूचा हुबेहूब नमुना नव्हे. उंदराला उलटी होतच नाही. शिवाय उंदराच्या विषाणूला पेशीत शिरण्यासाठी जे प्रथिन लागते, ते मानवी विषाणूचे प्रवेशद्वार असल्याचे दिसलेले नाही. मानवी विषाणूची लागण होऊन जुलाब लागतात ती जंतुमुक्त वातावरणात वाढवलेल्या डुकराच्या पिलांना, आणि अशी पिले सांभाळणे हे पशुवैद्यकाच्या हातचे काम आहे.

याहून मोठा प्रश्न अजून खुला आहे. गायी, डुकरे, कुत्रे, मांजरे, सिंह या सर्वांमध्ये नोरोव्हायरस आढळले आहेत. डुकरांतील काही प्रकार तर माणसाला लागण करणाऱ्या प्रकारांच्याच जनुकगटात मोडतात. माणसाच्या विषाणूचे जनुकीय अंश डुकरांच्या आणि कुत्र्यांच्या विष्ठेतही मिळाले आहेत. पोर्तुगालमधील एका अभ्यासात कुत्र्यांच्या नोरोव्हायरसविरुद्धची प्रतिपिंडे इतर लोकांपेक्षा पशुवैद्यकांच्या रक्तात अधिक वेळा आढळली. तरीही प्राण्याकडून माणसाला आजार झाल्याचे निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही. प्रतिपिंडे सापडणे म्हणजे आजार होणे नव्हे, आणि विष्ठेत जनुक सापडणे म्हणजे त्या प्राण्याच्या आतड्यात विषाणू वाढला असेही नव्हे. तो खाण्यातून नुसता पार गेलेला असू शकतो. हा फरक स्पष्ट करणारे प्रयोग आखण्यासाठी गोठा आणि प्रयोगशाळा दोन्ही जाणणारी माणसे हवीत. तुझी जागा मला तिथे दिसते.

म्हणून पदवी पूर्ण कर, आणि पुढे विषाणूशास्त्रात किंवा साथरोगशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घे. दरम्यान आरएनए (या विषाणूचे जनुकीय द्रव्य) हाताळणे, पेशीसंवर्धन आणि जनुकक्रमाचे संगणकीय विश्लेषण यांपैकी निदान एक कौशल्य पक्के कर. संख्याशास्त्राकडे दुर्लक्ष करू नकोस. पीएचडीनंतर विद्यापीठातच राहावे लागते असेही नाही. अन्नसुरक्षा, सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळा आणि लसनिर्मिती या तिन्ही ठिकाणी हे ज्ञान लागते. पूर्णवेळ संशोधनातील पदे मात्र मोजकी आणि बहुधा मुदतीची असतात, हे आताच ध्यानात घे.

निर्णय पक्का करण्यापूर्वी सुट्टीत दोन महिने एखाद्या विषाणू प्रयोगशाळेत काम कर. तिथे नोरोव्हायरसच असला पाहिजे असे नाही. जनुकाचे अंश शोधणाऱ्या पीसीआर यंत्राच्या पडद्यावर रेषा वर चढली की आनंद होतो, पण ती रेषा नमुन्यात जनुक आहे एवढेच सांगते, विषाणू जिवंत आहे की नाही ते सांगत नाही. ते पाहायचे तर लघुआतडी दिवसांमागून दिवस जपावी लागतात, सणवार न पाहता त्यांचे द्रावण बदलावे लागते, आणि इतके करूनही विषाणू वाढेलच असे नाही. काही वेळा तर दोष पेशींच्या जनुकांत असतो : एफयूटी2 हे जनुक निष्क्रिय असलेल्या व्यक्तीपासून वाढवलेल्या लघुआतड्यांत विषाणूचे अनेक प्रकार रुजतच नाहीत, जसे ते त्या व्यक्तीतही सहसा रुजत नाहीत. मला वाटते, असा फसलेला प्रयोग पाहून तुला वैताग येतो की कुतूहल वाटते, हे त्या दोन महिन्यांत तुझे तुलाच कळेल.

प्रयोगशाळेला पत्र लिहिताना गुणपत्रिकेच्या आधी तुझा प्रश्न लिही : कोणता प्राणी, कोणता नमुना, आणि त्यातून तुला काय शोधायचे आहे, एवढे पाच-सहा ओळींत मांड. तो मसुदा मला पाठवलास तर मी जरूर वाचेन.