वाचकांचे प्रश्न : वजनकाट्याची भीती आणि ५८ किलोंचा आकडा

प्रश्न : माझे वय ४३ वर्षे, उंची १५७ सेंटिमीटर आणि वजन ८२ किलो आहे. मी शाळेत शिक्षिका आहे. गेल्या दहा वर्षांत तीन वेळा वजन उतरवले. शेवटच्या वेळी भात-भाकरी सोडून आणि रात्रीचे जेवण बंद करून चार महिन्यांत ९ किलो कमी केले, पण पुढच्या दीड वर्षात ११ किलो वाढले. गेल्या महिन्यात रक्तातील साखरेच्या एचबीए१सी तपासणीत ६.१ आले आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. लग्नाच्या वेळी माझे वजन ५८ किलो होते, तेथवर पुन्हा पोहोचावे अशी इच्छा आहे. परंतु आता सुरुवात करण्याचीच भीती वाटते. पुन्हा उपाशी राहणे जमेल का, पुन्हा वजन वाढले तर घरचे आणि शाळेतले काय म्हणतील, या विचारांनी काट्यावर उभे राहायचे म्हटले तरी पोटात गोळा येतो. मी नेमकी किती अपेक्षा ठेवावी?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमची भीती मला अगदी रास्त वाटते, कारण ती अनुभवातून आलेली आहे. तुम्ही तीनदा उपासमार सोसली आहे आणि शरीर ती विसरलेले नाही. वजन झपाट्याने उतरते तेव्हा पोट भरल्याची जाणीव देणारे लेप्टिन कमी होते, भूक चेतवणारे घ्रेलिन वाढते आणि शरीर पूर्वीपेक्षा कमी ऊर्जेत काम भागवू लागते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आहार घटवून वजन उतरवलेल्या व्यक्तींची ही संप्रेरके वर्षभरानंतरही मूळ पातळीवर आलेली नव्हती. अमेरिकेतील मिनेसोटा येथे १९४४-४५ साली ३६ धडधाकट तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवण्यात आले होते. त्यांच्या वाट्याला रोज साधारण १,५७० कॅलरी येत. थोड्याच काळात त्यांच्या मनात अन्नाखेरीज दुसरा विषय उरला नाही आणि काही जण तर पाककृतींची पुस्तके वाचत बसत. ते तरुण स्वेच्छेने आणि पूर्ण निश्चयाने त्या प्रयोगात उतरले होते. त्यामुळे ‘जिभेवर ताबा नाही’ हे जे वाक्य आपल्याकडे बायकांना सहज ऐकवले जाते, ते तुम्ही स्वतःला लावून घेऊ नये, असे मी मनापासून सांगते.

आता ५८ या आकड्याबद्दल. ८२ वरून ५८ म्हणजे २४ किलो, म्हणजेच तुमच्या वजनाच्या सुमारे २९ टक्के. अमेरिकेत १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६० स्थूल स्त्रियांना उपचारांपूर्वी अपेक्षा विचारल्या, तेव्हा त्यांना सरासरी ३२ टक्के वजन उतरायला हवे होते. कोणत्या वजनावर थांबावे लागले तर निराशा होईल, हेही त्यांच्याकडून लिहून घेतले होते. ४८ आठवड्यांच्या उपचारांनंतर त्यांचे वजन सरासरी १६ किलोंनी उतरले, जे खरे तर उत्तम यश होते. तरीही जवळजवळ निम्म्या जणी स्वतःच लिहून दिलेल्या त्या निराशेच्या वजनापर्यंतही पोहोचल्या नव्हत्या. तुमचे ९ किलो उतरले तेव्हा तुम्हालाही ते अपुरेच वाटले असेल. माझ्या मते तुमच्या भीतीचे मूळ बऱ्याच अंशी या लांबच्या आकड्यात आहे.

मधुमेह टाळण्यासाठी त्या आकड्याची गरजही नाही. अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले, सात टक्के वजनघट आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम एवढेच लक्ष्य दिले होते. त्यातून मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. तुमच्यासाठी सात टक्के म्हणजे साधारण ६ किलो, म्हणजे ७६. आपल्या देशातला दाखला तर मला अधिक दिलासा देणारा वाटतो. २००६ साली निष्कर्ष जाहीर झालेल्या भारतीय अभ्यासात आहार आणि चालणे सुधारलेल्या गटात तीन वर्षांत सुमारे ३९ टक्के लोकांना मधुमेह झाला, तर केवळ नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटात ५५ टक्के लोकांना. आणि हा फरक पडला तेव्हा आहार आणि चालणे सुधारलेल्या गटाचे सरासरी वजन लक्षणीय उतरलेलेही नव्हते. तुमच्या चालण्याचा उपयोग काट्यावर दिसण्याआधीच शरीरात सुरू झालेला असतो.

म्हणून सहा ते आठ महिन्यांत ६ किलो, एवढीच अपेक्षा ठेवा. पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरले तर हुरळून जाऊ नका. शरीरात साठलेल्या एका ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (म्हणजे साठवणीतल्या साखरेबरोबर) सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते आणि सुरुवातीला बहुतांशी तेच जाते. लग्नातल्या एका पंगतीनंतर ते परतही येते. पाळीच्या आधी किलो-दीड किलो वाढ दिसते, तीही पाण्याचीच. मध्येच महिनाभर काटा हलणार नाही, हेही आताच धरून चाला. काट्याचा धसका इतका असेल तर पहिले दोन महिने तो बाजूला ठेवा आणि दर पंधरवड्याला टेपने कमरेचा घेर मोजा. स्त्रियांमध्ये तो ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे मानतात. पुढे वजन आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या दिवशी, सकाळी पाहा.

उपाशी राहायचे नाही. रात्रीचे जेवण पुन्हा सुरू करा, मात्र आठच्या आत : एक भाकरी, वाटीभर घट्ट वरण किंवा मोडाची उसळ, पालेभाजी आणि ताक. दुपारी शाळेतून येईपर्यंत पोटात काही नसेल तर संध्याकाळी फरसाणाचा डबा उघडला जाणारच, तेव्हा मधल्या सुट्टीसाठी भाजलेले चणे-शेंगदाणे मूठभर जवळ ठेवा. दिवसातून चार कप चहा दोन-दोन चमचे साखरेचा होत असेल, तर त्यातच सुमारे १६० कॅलरी जातात. ही साखर टप्प्याटप्प्याने कमी करणे भाकरी सोडण्यापेक्षा कितीतरी सोपे आहे.

लोकांना वजनाचा आकडा सांगूच नका. ‘डाएट करते आहे’ म्हटले की प्रत्येक जण ताटाकडे पाहतो, वजन उतरले तर ‘किती अशक्त दिसतेस’ आणि वाढले तर ‘सोडलेस वाटतं’ असे दोन्हीकडून ऐकावे लागते. ‘डॉक्टरांनी साखर सांभाळायला सांगितले आहे’ हे खरेही आहे आणि त्याने जेवणातला आग्रहही कमी होतो. घरात मात्र एका तरी माणसाला तुमची भीती स्पष्ट सांगा आणि संध्याकाळी चालायला त्यांनाच बरोबर न्या. ही भीती इतकी वाढली की लपून खाणे, मग दिवसभर काहीच न खाणे किंवा मुद्दाम उलटी काढणे असे घडू लागले, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यास उशीर करू नका.

एचबीए१सी साधारण मागच्या तीन महिन्यांची साखर दाखवते, म्हणून तीन महिन्यांनी ती तपासणी पुन्हा करा आणि थायरॉइड तपासलेले नसेल तर तेही पाहून घ्या. ७६ वर पोहोचलात की लगेच पुढे उतरू नका. किमान सहा महिने तेच वजन टिकवा, आणि त्यापुढे उतरायचे की तेथेच राहायचे, हे त्या वेळचे एचबीए१सी पाहून डॉक्टरांबरोबर ठरवा.