वाचकांचे प्रश्न : घरच्या कॉम्प्युटरवर सी

प्रश्न : मुलगी डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे. कॉलेजात सी या प्रोग्रामिंग भाषेची प्रॅक्टिकल टर्बो सी++ या जुन्या सॉफ्टवेअरवर होतात. घरी विंडोज १० चा, ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे. दुकानदार 'सी टाकून देतो' म्हणून ५०० रुपये मागतो. द्यावेत का? (एक पालक, सांगली)

उत्तर : देऊ नका. सी शिकायला पुरून उरेल असा जीसीसी कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम कॉम्प्युटरला चालवता येईल अशा रूपात बदलणारं सॉफ्टवेअर) फुकट आणि रीतसर मिळतो. त्याच्यासोबत प्रोग्राम लिहायला कोडब्लॉक्स घ्या. कोडब्लॉक्सच्या अधिकृत साइटवर एकसारख्या नावांच्या बऱ्याच फाइली दिसतील. त्यांपैकी नावात 'मिनजीडब्ल्यू' (विंडोजसाठीचा जीसीसी) आणि 'सेटअप' दोन्ही असलेली उतरवा. नुसत्या 'सेटअप'मध्ये फक्त एडिटर येतो, कंपायलर नसतो. मग बिल्ड करताच, म्हणजे प्रोग्राम तयार करायला घेताच, 'कंपायलर सापडत नाही' असा संदेश येतो आणि लोक लॅपटॉपला दोष देतात. व्हिज्युअल स्टुडिओही फुकट आहे, पण तो कित्येक जीबी जागा खातो. ४ जीबी रॅमवर त्याच्या वाटेला जाऊ नये.

फाइलचं नाव 'डॉट सी'नेच संपवायचं. 'डॉट सीपीपी' दिलंत तर ती सी++ समजली जाते आणि मॅलॉकच्या (मेमरी मागून घेणाऱ्या फंक्शनच्या) साध्या ओळीवरही एरर येतो. प्रोग्रामसाठी थेट सी ड्राइव्हवर इंग्रजी नावाचा, मध्ये जागा न सोडलेला फोल्डर करा. विंडोजमध्ये वापरकर्त्याचं नाव देवनागरीत असेल तर डेस्कटॉपच्या पत्त्यातही देवनागरी येते, आणि तिथे ही साधनं अडखळू शकतात.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी करा : कोडब्लॉक्समध्ये सेटिंग्ज, मग कंपायलर, आणि तिथे सगळ्या नेहमीच्या वॉर्निंग दाखवण्याच्या पर्यायावर टिक. 'इफ'मध्ये दोनऐवजी एकच बरोबरचं चिन्ह पडलं किंवा प्रिंटएफमध्ये फ्लोटला (दशांश संख्येला) पूर्णांकाचं टक्का-डी लावलं, तर कंपायलर तिथल्या तिथे ओळ क्रमांकासकट सांगतो. नवशिक्याला याहून चांगला मास्तर घरी मिळायचा नाही.

प्रश्न : टर्बोवर चालणारे प्रोग्राम जीसीसीवर एरर का देतात? (एक विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : टर्बो सी++ ३.० हा १९९१ चा, डॉससाठीचा १६-बिट कंपायलर. ६४-बिट विंडोज १६-बिट प्रोग्राम चालवतच नाही, म्हणून तो डॉसबॉक्समध्ये (डॉसची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडावा लागतो. 'सीएलआरएससीआर' (स्क्रीन पुसणारं फंक्शन) आणि 'ग्राफिक्स डॉट एच' ही त्याची स्वतःची भर आहे, सी भाषेचा भाग नव्हे. क्लिअर स्क्रीनची ओळ सरळ काढून टाका, 'व्हॉइड मेन'च्या जागी 'इंट मेन' लिहा. बहुतेक जर्नल तेवढ्यावर चालतं. 'गेटच' (एक कळ दाबण्याची वाट पाहणारं फंक्शन) मिनजीडब्ल्यूवर चालतं, लिनक्सवर त्याला लागणारी 'कॉनिओ डॉट एच' ही फाइल नसतेच. कीबोर्डवरून ओळ वाचणारं 'गेट्स' सी भाषेच्या २०११ च्या मानकातून वगळलं आहे, त्याऐवजी 'एफगेट्स' शिका.

खरा फरक इंटचा, म्हणजे पूर्णांक साठवणाऱ्या प्रकाराचा. टर्बोत इंट २ बाइटचा, कमाल ३२७६७. फॅक्टोरियलचा प्रोग्राम ७ साठी ५०४० बरोबर देतो, ८ साठी मात्र ४०३२० ऐवजी उणे २५२१६! जीसीसीत इंट ४ बाइटचा असल्याने १२ पर्यंत उत्तर बरोबर येतं आणि १३ ला बिघडतं. तोंडी परीक्षेत हे विचारलं तर दोन्ही उत्तरं कारणासकट यायला हवीत. परीक्षा टर्बोवर असेल तर आदल्या आठवड्यात डॉसबॉक्सवर सराव जरूर करा, पण रोजचं शिकणं जीसीसीवर होऊ द्या.

प्रश्न : लॅपटॉपच नाही, फक्त अँड्रॉइड फोन आहे. (एक विद्यार्थिनी, बीड)

उत्तर : टर्मक्स हे (फोनवर लिनक्ससारख्या कमांड चालवणारं) ॲप एफ-ड्रॉइड या मोफत ॲप्सच्या साइटवरून घ्या आणि त्यात 'क्लँग' पॅकेज टाका. हा पूर्ण कंपायलर आहे, एकदा उतरला की नेटशिवाय चालतो. फोनच्या पडद्यावर सेमीकोलन शोधत बसण्यापेक्षा ओटीजी केबलने साधा यूएसबी कीबोर्ड जोडा. प्रोग्राम टर्मक्सच्या स्वतःच्या होम फोल्डरमध्येच ठेवा. डाउनलोड्सच्या फोल्डरमधून तयार प्रोग्राम चालवायला गेलात तर अँड्रॉइड परवानगी नाकारतं.