वाचकांचे प्रश्न : मोजके रुग्ण, अनेक विद्यापीठे

प्रश्न : माझ्या चुलतभावाला अल्काप्टोन्युरिया असल्याचे निदान झाले आहे. या आजारावर निरनिराळ्या देशांतील विद्यापीठांनी मिळून संशोधन केल्याचे वाचनात आले. मोजक्या रुग्णांसाठी इतक्या संस्था कशाला लागतात? एखाद्या उत्तम प्रयोगशाळेला हे काम जमत नाही का? तसेच, रुग्णनोंदणीत नाव दिल्याने त्याला काही लाभ होईल का?

उत्तर : रुग्ण मोजके असतात, म्हणूनच अनेक संस्था लागतात, आणि आपण विचारलेल्या आजारातच याचे उत्तम उदाहरण सापडते. या रुग्णांमध्ये टायरोसिनच्या (प्रथिनांतील एका अमिनो आम्लाच्या) विघटनाच्या वाटेवरील एक विकर (एन्झाइम) काम करत नाही, त्यामुळे होमोजेन्टिसिक आम्ल साठत जाते, उघडी राहिलेली लघवी काळी पडते आणि पुढे कूर्चाही (सांध्यांतील मऊ हाडही) काळी व ठिसूळ होऊन पाठीचा कणा, खुबे व गुडघे झिजतात. आजार आनुवंशिक असल्याचे ब्रिटिश वैद्य आर्चिबाल्ड गॅरड यांनी 1902 मध्येच दाखवून दिले होते आणि 1996 मध्ये त्याचे जनुकही सापडले. म्हणजे कारण ठाऊक असूनही उपचार मात्र नव्हता.

औषध आले ते शेतीच्या बाजूने. नायटिसिनोन हे मुळात तणनाशकांच्या संशोधनातून निघालेले रसायन. ते टायरोसिनच्या त्याच वाटेवरील, बिघाडाच्या आधीचे एक विकर रोखते, त्यामुळे घातक आम्ल तयारच होत नाही. स्वीडनमधील गोथेनबर्गच्या संशोधकांनी 1992 मध्ये यकृत निकामी करणाऱ्या टायरोसिनेमिया या दुसऱ्या दुर्मीळ आजारात त्याचा उपयोग दाखवला, तेव्हा अल्काप्टोन्युरियातही ते चालावे हा तर्क स्वाभाविक होता. तो सिद्ध करणे मात्र अवघड ठरले.

अमेरिकेत 40 रुग्णांवर तीन वर्षे चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. आम्लाचे प्रमाण सुमारे 95 टक्क्यांनी घटले. पण यशाचा मुख्य निकष होता खुबा किती वळतो हा, आणि त्यात ठाम फरक दिसला नाही. माझ्या मते येथे औषधापेक्षा मोजपट्टी तोकडी पडली. संथपणे वाढणारा हा आजार कोणाच्या खुब्यात, कोणाच्या पाठीत, तर कोणाच्या हृदयाच्या झडपेत अधिक जाणवतो. अशा वेळी थोड्या रुग्णांच्या एकाच सांध्यावरून निवाडा करणे धोक्याचेच असते.

पुढे लिव्हरपूल विद्यापीठाच्या पुढाकाराने युरोपीय चाचणी उभी राहिली. लिव्हरपूल, पॅरिस आणि स्लोव्हाकियातील पिएश्टनी या तीन केंद्रांत मिळून 138 रुग्ण घेण्यात आले. स्लोव्हाकियात हा आजार तुलनेने अधिक आढळतो, त्यामुळे ते केंद्र नसते तर एवढे रुग्ण जमवणे कठीण गेले असते. आम्लाची मोजणी तर झालीच, पण सांधे, कणा, डोळे, कान इत्यादींची एकत्रित गुणांकनाने तपासणी करण्याची एकच पद्धत तिन्ही ठिकाणी चार वर्षे पाळली गेली. सहकार्याचे खरे मोल मला या शिस्तीत वाटते. निधी आणि करारमदार यांना त्यानंतरचे स्थान. या चाचणीत दररोज 10 मिलिग्रॅम मात्रेने लघवीतील आम्ल 99 टक्क्यांहून अधिक घटले, आजाराची वाढही मंदावल्याचे दिसले, आणि 2020 मध्ये युरोपात प्रौढ रुग्णांसाठी हे औषध मान्य झाले. अर्थात, त्याने रक्तातील टायरोसिन वाढते व डोळ्यांच्या पारपटलाला (कॉर्नियाला) इजा होऊ शकते, त्यामुळे आहारातील प्रथिनांवर नियंत्रण आणि नियमित नेत्रतपासणी आवश्यक असते. आपल्या भावाने ते स्वतःहून सुरू करू नये, हे सांगणे न लगे.

आता नोंदणीविषयी. त्यातून लगेच उपचार मिळेलच असे नाही. तरीही नव्या चाचणीसाठी रुग्ण शोधताना संशोधक प्रथम अशाच नोंदी पाहतात आणि उपचाराविना आजार कसा वाढतो याची नोंद हीच पुढील औषधासाठी तुलनेचा आधार ठरते. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी मात्र त्याने तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : माहिती अन्य संस्थांना कोणत्या स्वरूपात दिली जाईल, पुढे नाव काढून घेता येईल का, आणि संशोधनाचे निष्कर्ष सहभागी रुग्णांना कळवले जातील का.