केळीचा रोजचा रिपोर्ट आपोआप मेल करताना

भाऊ, सावद्याहून किती गाड्या भरल्या, किती क्विंटल माल गेला, काय भाव मिळाला, हे तू रोज संध्याकाळी हाताने जुळवून व्यापाऱ्यांना मेल करतोस. गूगल शीट्सचं अ‍ॅप्स स्क्रिप्ट, म्हणजे शीटला जोडून लिहायचा छोटा कोड, ते सगळं करेल. पण कोडला हात लावायच्या आधी शीट नीट कर. वजनाच्या रकान्यात फक्त आकडा हवा. कोणी ‘१२० क्विंटल’ असं लिहिलं की शीट त्याला मजकूर समजते, बेरजेत धरत नाही आणि एररही दाखवत नाही. असा एक फरक शोधण्यात माझे दोन दिवस गेले. म्हणून डेटा व्हॅलिडेशन, म्हणजे रकान्यात आकड्याशिवाय काही लिहू न देणारा नियम, आधी लाव.

मेलसाठी आकडे उचलताना कोडमध्ये गेटव्हॅल्यूज (getValues) ही आज्ञा नको, गेटडिस्प्लेव्हॅल्यूज (getDisplayValues) वापर, ती शीटवर दिसतं तसंच उचलते. नाहीतर तारीख लांबलचक इंग्रजीत, वेळेसकट येते.

ट्रिगर, म्हणजे स्क्रिप्ट ठरल्या वेळी आपोआप चालू करणारी सोय, रात्री ८ ते ९ चा ठेव. तो त्या तासात कधीही चालतो, ठोक्याला नाही, हे व्यापाऱ्यांना आधीच सांग. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये टाइम झोन भारताचा आहे ना, तेही बघ. साध्या जीमेल खात्यातून स्क्रिप्टला दिवसाला १०० जणांनाच मेल पाठवता येतात, तुला पुष्कळ झाले.

त्या दिवसाची नोंदच नसेल, तर मेल व्यापाऱ्यांना न जाता फक्त तुला यावा, एवढी अट घालच. रिकामा रिपोर्ट गेला की विश्वास उडतो. पहिला आठवडा सगळे मेल स्वतःलाच पाठव आणि काट्याच्या पावत्यांशी ताडून बघ. आणि हो, ट्रिगर पेढीच्या खात्यातूनच लाव. ज्याने लावला त्याच्याच पत्त्यावरून मेल जातो.